उकळलेली जिन

ता. ९, मंगळवार
दुपार, चहा उतरवून ठेवल्यावर

माझ्या लाडक्या खारूताईला,

आजीचे ओंजळभर आशीर्वाद. मी खुशाल आहे. गुडघे खुशाल नाहीत, पण त्यांचं मी आता मनावर घेत नाही, त्यांचा संसार वेगळा आणि माझा वेगळा. खोकला गेला. खालची शिंपीण तुझी आठवण काढते, म्हणते तिच्या मापाचा झगा अजून तसाच टांगलाय, आता तिला होणार का? मी म्हटलं, अगं बाई, तेव्हा ती दहावीत होती, आता ती बाटल्यांची खोकी खांद्यावर उचलते. तर ते असो.

एकाच शहरात राहून म्हातारी पत्र काय लिहीत बसली, असं म्हणशील. फोनवर बोलायचं तर भिंती पातळ, आणि तुझी झोपायची वेळ ती माझी जागायची. शिवाय तूच मला जोडाक्षरं शिकवलीस ना? दुसरीत होतीस. पाटी माझ्या मांडीवर ठेवून म्हणायचीस, "आजी, क्ष काढ, नाहीतर छडी." त्या छडीची वसुली म्हणून तुला हे वाचावं लागेल. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण ते तुझ्याच शाळेतलं आहे, तक्रार कुणाकडे करशील?

आधी गोड बातमी. तुझी मैत्रीण जिनची बाटली देऊन गेली, तू कृती लिहिलेला पुठ्ठाही दिला. तुझ्या बारच्या पाटीवर "आजीचं लिंबू" असं लिहिलंय हे वाचून मी अशी हसले की शिंपिणीने खालून छताला काठी ठोकली. पोरी, माझं नाव आजवर फक्त रेशनच्या रांगेत मोठ्याने घेतलंय कुणी. आणि आता म्हणे चांगले कपडे घातलेली माणसं टेबलाशी बसून "दोन आजीचं लिंबू द्या" म्हणतात! आणि सालीची साखरही माझीच! लिंबाची साल साखरेत चोळून रात्रभर ठेवायची, साखर पिवळी पडली की समजायचं लिंबाने जीव सोडला. सरबताच्या कारखान्यात ते मी शिकले, तू माझ्या कडेवर बसून शिकलीस. आता ते पाटीवर गेलं. मी काय सांगू तुला, दोन दिवस मी आरशात बघून बघून घेत होते की पाटीवर जाण्यासारखी दिसते का.

दिसते. फक्त डावी भुवई थोडी कमी झाली आहे, ते पुढे सांगते.

तर म्हटलं, ज्या पेयाला आपलं नाव, त्याची चव तरी आपल्याला ठाऊक हवी. जन्मात कधी शिवले नाही मी, पण नावाला बट्टा लागायला नको. शनिवारचा मुहूर्त धरला, कारण शनिवारी तुझ्या बाबाची ड्युटी संध्याकाळपर्यंत असते. बाटली मी पिठाच्या डब्यात ठेवली होती. बुडाशी, पिठाखाली. बाहेर काढली तर तीही पांढरी, मीही पांढरी.

बूच काढलं. वास कसला गं तिला! मला वाटलं होतं नाक जळेल. तर नव्या कपाटाचा वास, सुताराच्या दुकानात रंधा मारताना येतो तसा. मला आवडला, खोटं कशाला बोलू.

बाकी सगळं तुझ्या पुठ्ठ्यावर होतं तसंच केलं. जवळजवळ.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. पुठ्ठ्यावर तू पहिल्या ओळीत लिहिलंस, "जिन दोन मापं, लिंबाचा रस एक माप." ते वाचलं. दुसऱ्या ओळीत लिहिलंस, "साखर आणि पाणी उकळ." ते वाचलं. आणि उकळ म्हटल्यावर पुढे काय वाचायचं? आयुष्य गेलं माझं उकळण्यात. कारखान्यात आमची मुकादमीण दाराशी उभी राहून ओरडायची, "उकळी फुटल्याशिवाय बाटलीला हात लावाल तर हात ठेवणार नाही!" काहीही असो, लिंबू असो, संत्रं असो, सगळं एका पातेल्यात, उकळी, फेस काढ, गाळ, भर. माझ्या हातांना दुसरं येतच नाही. मी साखर घातली, पाणी घातलं, रस घातला आणि वरून तुझी जिन. बेताची वगैरे नाही. सढळ. नाव माझं होतं ना.

आत्ता तू कपाळाला हात लावला असशील. लाव. पण पुढे वाच.

गॅस मोठा केला, आणि काय सांगू तुला, पातेल्यातून निळी ज्योत उठली! निळी! आवाज नाही, धूर नाही, नुसती उंच, शांत, पऱ्हाटीच्या काडीसारखी बारीक. मी वाकून बघत होते, तिने माझी भुवई चाटून घेतली. मी ताट झाकलं वर. विझली. मग मी काय करावं? शहाण्या बाईने फेकलं असतं. मी ताट काढलं आणि पुन्हा गॅस पेटवला, कारण उकळी फुटली नव्हती. पुन्हा निळी. पुन्हा ताट. तिसऱ्यांदा मात्र कंटाळली बिचारी, गुमान उकळायला लागली. मी चांगला पाक धरेपर्यंत ठेवलं, गाळलं, गार केलं, कॉफीच्या रिकाम्या बरणीत बर्फ घालून झाकण लावून खळखळवलं. तुझ्यासारखं खांद्यावर धरून. वरून सोडा.

प्यायले. आंबट, गोड, थोडं कडसर, आणि शेवटी ते कपाटासारखं काहीतरी. मी म्हटलं, हेच का ते? यासाठी लोक घरंदारं मोडतात? कमाल आहे.

आणि दारात किल्ली फिरली.

तुझ्या बाबाची ॲम्ब्युलन्स गॅरेजला गेली होती, ब्रेकचं काहीतरी होतं, म्हणून तो लवकर आला. टोपी काढली, किल्ल्या खिळ्याला लावल्या, आणि तिथेच उभा राहिला. नाक वर करून, मांजर उभं राहतं तसा.

"आई, हा वास कसला?"

"लिंबाचा."

"लिंबाला असा वास येत नाही."

मग त्याला ओट्यावरची बाटली दिसली. मी पदराने झाकायला गेले आणि पदराला पीठ लागलेलं, ते सगळं खाली सांडलं. अशी माझी चोरी.

"कुणी आणली?"

"आली."

"तिने पाठवली."

"तिला नाव आहे."

"ठाऊक आहे. मीच ठेवलंय ते."

किती दिवसांनी गं तुझा विषय निघाला घरात! तुझं नाव नाही घेतलं त्याने, पण नाव ठेवल्याचं तरी कबूल केलं. 

तू त्याच्यावर रागावलेली आहेस, ते बरोबरच आहे. "दारू वाटणाऱ्या मुलीला या घरात जागा नाही," हे बोलून त्याने तुझी पेटी दाराबाहेर ठेवली तेव्हा मी मधे उभी होते, तुम्ही दोघं माझ्या डोक्यावरून भांडत होतात. पण त्याचंही एक ऐक. तू कामावर पेला पुसतेस, तो रस्त्यावरून माणसं उचलतो. घरी आला की आधी हात धुतो, किती वेळ धुतो, साबण संपतो पण त्याचं धुणं संपत नाही. कधी सांगत नाही. फक्त म्हणतो, "आज पुन्हा पिऊन चालवत होता एक." आणि जेवत नाही. त्याला दारू म्हणजे बाटली दिसत नाही, त्याला रस्ता दिसतो.

तर त्याने बाटली नाही, माझी बरणी उचलली. सगळी मेहनत त्यात. मोरीशी नेली, वाकडी केली.

मी म्हटलं, "ओत. पण न चाखता फेकायला मी तुला शिकवलं नाही."

"त्याची चव मी रोज बघतो, आई."

"तू बघतोस ते सांडलेलं. पोरगी काय करते ते तू कधी बघितलंस?"

तो थांबला. म्हणजे असा थांबला की मला वाटलं माझ्या बोलण्याने काहीतरी उसवलं. पण काय, ते मला तेव्हा कळलं नाही. मग त्याने ओट्यावरचा स्टीलचा पेला घेतला, भरला, आणि औषध घेतात तसं डोळे मिटून पिऊन टाकलं. पुन्हा भरला. तोही प्यायला. आयुष्यात पहिल्यांदा गं! लग्नात मित्रांनी ओढलं होतं तर पळून छतावर जाऊन बसला होता हा माणूस.

खुर्चीत बसला. थोड्या वेळाने त्याचे कान लाल झाले.

"आई, पंखा फिरतोय की मी?"

"पंखा."

"बरं," म्हणाला. मग म्हणाला, "मला चढली आहे."

"मग बोल आता. चढल्यावर बोलतात म्हणे."

आणि तो बोलला, खारूताई. तो काय बोलला ते सांगायलाच मी हे पत्र लिहायला बसले, एवढा वेळ पिठात आणि पातेल्यात फिरत होते कारण इथवर आलं की माझे डोळे भरतात आणि अक्षर आणखी वाकडं होतं.

तुझ्या बारच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, ती चहाची टपरी आहे ना? तिथे तो थांबतो. हॉस्पिटलमधून परत येताना. रोज नाही, पण बऱ्याचदा. गाडी झाडामागे लावतो आणि काचेतून तुला बघतो. म्हणाला, "केस कापलेत तिने. मानेवरचा ॲप्रनचा पट्टा दिसेल एवढेच ठेवलेत. तिच्या आईसारखी दिसते पाठमोरी." मी म्हटलं, मला कधी सांगितलं नाहीस! म्हणाला, "काय सांगणार? घराबाहेर काढलेल्या मुलीला चोरून बघतो म्हणून?"

मग म्हणाला, एकदा दिवेलागणीला एक माणूस बाहेर आला. पांढरी मोठी गाडी, पाय एकीकडे, डोकं दुसरीकडे. गाडीचं दार उघडत होता. आणि तू मागून धावत आलीस, ॲप्रन तसाच, आणि त्याच्या हातातली किल्ली काढून घेतलीस. तो माणूस तुला वाट्टेल ते बोलला. तुझा बाबा म्हणाला, "मी दार उघडून उतरणार होतो, आई. पण ती हललीच नाही. हात मागे बांधून उभी. त्याच्या शिव्या संपेपर्यंत. मग टॅक्सी थांबवली, त्याला आत बसवलं, दार लावलं, टॅक्सीवाल्याला पत्ता सांगितला. आत जाऊन किल्ली काचेच्या बरणीत टाकली. बरणी किल्ल्यांनी अर्धी भरलेली होती, आई. अर्धी!"

 

तो म्हणाला, "मी नेहमी नंतर पोचतो. कितीही जोरात चालवली तरी नंतरच. ती आधी पोचली."

आणि रडला. तुझी आई गेली तेव्हा मी त्याला रडताना बघितलं होतं, त्यानंतर हे आता. गाडी पुसायचा फडका होता त्याच्या खिशात, त्याने नाक पुसलं, नाक काळं झालं. मी हसले. तोही रडता रडता हसला. मी म्हटलं, मग हे तिला जाऊन सांग ना रे माझ्या राजा. तर म्हणाला, "कुठल्या तोंडाने?" आणि मोजे न काढता चटईवर झोपला.

माझा जीव असा भांड्यात पडला, पण भांडं अजून आचेवर होतं. का ते ऐक.

सकाळी उठला तर डोकं धरून बसलेला. ऑफिसला फोन केला, "काल घेतली होती, आज गाडीला हात लावणार नाही." एवढा कडक! आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, काल मी काही बडबडलो असेन तर धरून बसू नकोस. ते दारूचं बोलणं होतं."

बघ! आलेली पोर पुन्हा उंबऱ्याबाहेर! असा राग आला मला. मी रागाने ओटा पुसायला घेतला, पाकाचे डाग पडले होते, आणि तुझा पुठ्ठा त्यालाच चिकटलेला. सोडवला. चष्मा घातला. तिसरी ओळ वाचली.

"आजी, जिन कधी तापवू नकोस हं. सगळी उडून जाते, नुसतं सरबत उरतं."

अगं बयो! तुला आधीच ठाऊक होतं तुझी आजी काय करणार ते!

मी खाली बसले आणि हसता हसता मला ठसका लागला. घरात एक माणूस सरबत पिऊन डोकं धरून बसलाय, आणि त्याने सरबतासाठी रजा टाकलीय! पण मग हसू ओसरलं आणि विचार पडला. सांगू की नको? नाही सांगितलं तर तो त्या बाटलीच्या मागे लपून राहील, आणि कालचं बोलणं बाटलीबरोबर कचऱ्यात जाईल. सांगितलं तर लाजेल, आणि हा लाजला की गोगलगाय होतो, महिनोन्‌महिने शिंगं बाहेर काढत नाही, तुला माहीत आहे. मी दोनदा उठले आणि दोनदा बसले. शेवटी म्हटलं, पोरगी परक्या माणसाच्या शिव्या खाऊन किल्ली काढून घेते, आणि मला पोटच्या पोराची किल्ली काढून घेता येऊ नये?

पुठ्ठा त्याच्या हातात दिला. त्याने वाचला. उलटा करून मागे बघितलं. पुन्हा वाचला.

"म्हणजे?"

"म्हणजे सरबत प्यायलास."

"नुसतं?"

"लिंबू, साखर आणि माझी एक भुवई."

बराच वेळ तो त्या बरणीकडे बघत राहिला. मग एकदम लहान पोरासारखं विचारलं, "मग माझं डोकं का दुखतंय?"

"रडलं की दुखतंच, बाळा."

उठला, अंघोळ केली, कपडे चढवले, ऑफिसला फोन करून "येतोय" म्हणाला आणि गेला. चहासुद्धा न घेता. आणि मी दिवसभर दारात. शिंपीण म्हणाली, कुणाची वाट बघताय? मी म्हटलं, माझ्या आगाऊपणाची. मला वाटलं झालं, आता हा माझ्याशीही बोलायचा नाही, आणि तुझा रस्ता मीच बुजवला.

संध्याकाळी आला. टोपी डोक्यावर नाही, हातात, उलटी. टोपीत लिंबं. टेबलावर ओतली. मी बोटाने दाबून बघितली, सगळी पातळ सालीची, गं! एकही जाड नाही. मी लहानपणी त्याला बाजारात शिकवलं होतं, ते इतकी वर्षं त्याच्या बोटांत होतं. मग त्याने एक लिंबू घेतलं आणि टेबलावर तळहाताखाली लोळवत बसला, रस मोकळा करायला, तू करतेस तसं, मी करते तसं. लोळवत लोळवतच विचारलं, मान वर न करता,

"सुट्टी कधी असते तिला?"

मी म्हटलं, सोमवारी. बरोबर ना? सोमवारच ना? चुकले असेन तर लगेच कळव, कारण हा माणूस आता कॅलेंडरासमोर उभा राहतो.

आता तुझ्यावर काही जबरदस्ती नाही. पेटी दाराबाहेर ठेवली ते मी विसरले नाही, तू कशी विसरशील? यायचं नसेल तर तसं लिही, मी समजेन, त्यालाही समजावेन. पण यायचं असेल तर हात हलवत ये, काही आणू नकोस. लिंबं आहेत. सालीची साखर कालच चोळून ठेवलीय. बाटलीत अजून निम्मी जिन आहे, ती तू मला तुझ्या पद्धतीने करून दाखव, मी गॅसपासून लांब उभी राहीन. त्याला मात्र माझीच देऊ, उकळलेली. त्याला दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची असते, आणि बोलायला त्याला तेवढी पुरते.

तू गेलीस तेव्हा भिंतीवर तुझ्या उंचीच्या रेघा होत्या ना, दाराशी? मागच्या वर्षी त्याने घर रंगवलं. ती पट्टी तेवढी सोडून रंगवलं. मी विचारलं तर म्हणाला, रंग संपला. डबा अर्धा भरलेला होता. हे मी तुला तेव्हाच लिहायला हवं होतं. आता लिहिलं.

खाली थोडी जागा सोडते. तो मघापासून पेन घेऊन खोलीत फेऱ्या मारतोय, टोपण काढतो, लावतो. मी बघत नाही असं दाखवतेय. लिहिलं तर लिहिलं, नाहीतर ही जागा कोरी जाईल, कोरीच वाच.

तुझ्या पाटीवरची,
आजी


सोमवारी तुला घ्यायला येतो. या वेळी पलीकडे थांबणार नाही, तुझ्या दारात गाडी लावतो.
शनिवारी जे बोललो ते मीच बोललो.
— बाबा